चॉकलेटचे हलके ब्रेड-पुडिंग आणि त्यावरचे रस

शिळ्या पावाचे तुकडे दूध, अंडी आणि साखर ह्यांच्या मिश्रणात मुरवावयाचे आणि मंद आचेवर ते मिश्रण घट्ट होईपर्यंत शिजवावयाचे, ही इंग्लंडमधील घरगुती रीत फार जुनी असून, १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या हॅना ग्लास ह्यांच्या ‘द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी’ ह्या पाकग्रंथात ब्रेड-पुडिंगच्या एकाहून अधिक कृती दिलेल्या आढळतात. घरात उरलेला पाव वाया जाऊ नये, एवढ्याच साध्या काटकसरीतून जन्मलेल्या ह्या पक्वान्नाला पुढे सुबत्तेच्या काळात लोण्याची, दाट सायीची आणि अखेरीस चॉकलेटच्या वड्यांची जोड मिळत गेली. आणि आज मोठ्या उपाहारगृहांतून चॉकलेट ब्रेड-पुडिंग ह्या नावाने जे समोर येते, ते चार घासांनंतर जड वाटू लागते. ह्या जडपणाचा दोष पुष्कळ लोक पावावर किंवा अंड्यांवर ठेवतात. परंतु पदार्थाचे घटक एकेक करून तपासले, तर पाव, दूध आणि अंडी हे मूळचे तिन्ही घटक जवळजवळ निर्दोष ठरतात, आणि सारा भार मागाहून आलेल्या घटकांचा आहे, असे दिसून येते. म्हणून हे पुडिंग हलके करणे म्हणजे त्याचे काही हिरावून घेणे आहे, असे मला मुळीच वाटत नाही. ते त्याच्या मूळ प्रकृतीकडे परतणे आहे.

प्रथम स्निग्धांशाचा जमाखर्च मांडू. सहा माणसांपुरत्या एखाद्या श्रीमंती थाटाच्या कृतीत पाव लिटर सायीसकट दूध, तितकीच ३५ टक्के स्निग्धांशाची क्रीम, चार अंडी, ६० ग्रॅम लोणी आणि २०० ग्रॅम काळे चॉकलेट धरले, तर दुधातून सुमारे १०, क्रीममधून ८७, अंड्यांतून २०, लोण्यातून ४८, चॉकलेटमधून ७० आणि पावातून ५-६ ग्रॅम असा एकूण २४० ग्रॅमांच्या आसपास स्निग्धांश भरतो, म्हणजे माणशी ४० ग्रॅम. स्निग्ध पदार्थाच्या प्रत्येक ग्रॅमामागे ९ कॅलरी धरावयाच्या, हे ध्यानात घेतले की जेवणानंतरच्या ह्या एका वाटीतून केवळ चरबीच्याच ३६० कॅलरी पोटात जातात, हे कळून येते. साखर आणि पाव ह्यांचा हिशेब निराळाच. ह्यांतील क्रीम, लोणी आणि चॉकलेट ह्या तीनच रकमा मिळून दोनशेच्या वर जातात. अंड्यांचा वाटा केवळ वीस ग्रॅमांचा, आणि पावाचा तर नगण्य आहे. तेव्हा कात्री कोठे लावावयाची, ह्याचा निर्णय आपोआपच होतो.

ह्या तिघांपैकी चॉकलेटचा प्रश्न सर्वांत मनोरंजक, कारण त्याचे उत्तर चॉकलेटच्या इतिहासातच दडलेले आहे. कोकोच्या टरफल काढलेल्या बीमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो. मध्य अमेरिकेतून युरोपात गेलेले पेय ह्या स्निग्धांशामुळे तवंग येणारे आणि पचनास जड असे होते. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटन ह्यांनी १८२८ साली दाबयंत्राच्या साहाय्याने बीमधील बरेचसे कोकोलोणी पिळून काढण्याच्या युक्तीचा एकाधिकार मिळविला, आणि उरलेल्या कोरड्या पेंडीची जी पूड झाली, तीच आपण आज डब्यांतून विकत घेतो ती कोकोपूड होय. पुढे १८४७ साली ब्रिस्टलच्या फ्राय कुटुंबाच्या कारखान्याने कोकोपूड, साखर आणि पिळून काढलेले ते कोकोलोणी एकत्र करून खाण्याजोगी वडी साच्यातून काढली. खाण्याच्या चॉकलेटचा जन्म असा पुन्हा मिसळलेल्या स्निग्धांशातून झाला आहे. आता चॉकलेटचा जो गडद रंग, जो कडवटपणा आणि जी खोल चव आपणांस हवीशी वाटते, ती बव्हंशी कोरड्या भागात असते. शुद्ध कोकोलोणी त्या मानाने बेचवच म्हणावे लागेल. त्यामुळे २०० ग्रॅम वडीच्या जागी ३० ग्रॅम उत्तम कोकोपूड आणि तिच्या जोडीला केवळ ४० ग्रॅम काळे चॉकलेट घेतले, तरी चव उणी पडत नाही, आणि सत्तर ग्रॅम स्निग्धांशाच्या जागी वीसही ग्रॅम भरत नाही. हे चाळीस ग्रॅम मात्र काढू नयेत, असा माझा आग्रह आहे. कोकोलोणी ३२ ते ३५ अंश सेल्सियसच्या दरम्यान, म्हणजे मुखाच्या उष्णतेनेच वितळते, आणि त्याच्या त्या वितळण्यामुळे जिभेवर जो मऊपणा पसरतो, तो पुडीने साधत नाही.

कोकोपूड वापरताना एक पथ्य पाळावे लागते. ती थंड दुधात टाकली की पृष्ठभागावर तरंगते आणि तिच्या गुठळ्या होतात, कारण उरलेल्या स्निग्धांशामुळे पुडीचे कण पाण्याला सहजासहजी जवळ येऊ देत नाहीत. म्हणून पूड आणि साखर आधी कोरडीच एकत्र करावी, तीत दोन-तीन चमचे कढत दूध घालून चमच्याने घोटून गुळगुळीत लगदा करावा, आणि मगच बाकीचे दूध थोडेथोडे मिसळावे. ह्या कढत दुधामुळे पुडीचा सुगंधही खुलतो. चिमूटभर मीठ अवश्य घालावे. मिठाने कडवटपणाची धार बोथट होते, आणि साखर कमी घातली तरी ती कमी वाटत नाही. अर्धा चमचा कॉफीची पूड घातल्यास कॉफीची चव न येता कोकोची चव गडद होते.

दुधाच्या बाबतीत आपल्या मुंबईचे ऋण मानले पाहिजे. म्हशीच्या दुधात सहा ते सात टक्के, कधी त्याहूनही अधिक स्निग्धांश असतो. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात, आरेच्या दुग्धवसाहतीच्या उभारणीच्या सुमारास, दारा खुरोडी ह्यांनी ह्या दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी योग्य प्रमाणात मिसळून टोन्ड दूध सिद्ध करण्याची पद्धत रूढ केली. शहरातील सामान्य माणसाला परवडेल असे दूध अधिक प्रमाणात मिळावे, हा त्यामागील हेतू होता. खुरोडी ह्यांना १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल ह्यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्ड दुधात १.५ टक्का स्निग्धांश असतो, परंतु स्निग्धांशाखेरीजचे घन घटक अनुक्रमे साडेआठ आणि नऊ टक्के राखलेले असतात. आणि आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते ह्याच गोष्टीला. घरात सायीच्या दुधात पाणी ओतून ते पातळ केले, तर स्निग्धांशाबरोबर प्रथिने आणि क्षारही विरळ होतात. अंड्याचे मिश्रण घट्ट बसण्यासाठी क्षारांची गरज असते: निव्वळ पाण्यात फेटलेले अंडे शिजवले, तर त्याचा एकसंध थर न बनता नुसत्या गाठी पाण्यात फिरू लागतात, दुधातील क्षारांमुळे मात्र तेच अंडे मऊ आणि सलग जमते. तेव्हा हलक्या पुडिंगसाठी अर्धा लिटर डबल टोन्ड दूध घ्यावे. पाणी घातलेले दूध घेऊ नये.

पाव शिळाच हवा. पाव शिळा होणे म्हणजे वाळणे, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो ह्यांनी १८५२ साली दाखवून दिले की, ओलावा मुळीच उडून जाऊ न देता बंदिस्त ठेवलेला पावही शिळा होतो, आणि पुन्हा तापविला असता तो काही काळ मऊ पडतो. भाजताना पाणी शोषून फुगलेले पिष्टकण थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा आपल्या पूर्वीच्या शिस्तबद्ध रचनेकडे वळू लागतात, आणि त्यामुळे पावाचा गाभा ताठर होत जातो. पुडिंगला हा ताठरपणा उपकारक ठरतो, कारण ताजा पाव दुधात पडताच विरघळून त्याची पेज होते, तर शिळा पाव आपला आकार सांभाळून मिश्रण आत ओढून घेतो. गोव्याच्या पोदेरांनी घरोघर पोहोचविलेला पाव असो की मुंबईच्या इराण्यांच्या भट्टीतला, पोर्तुगीजांमागून आपल्या किनाऱ्यावर रुजलेल्या ह्या पावाला दुसऱ्या दिवशीही काम मिळावे, म्हणून इराणी उपाहारगृहांतून ब्रेड-पुडिंग वर्षानुवर्षे होत आले आहे. लादीपाव फार मऊ असल्याने त्याचे तुकडे आधी भट्टीत किंवा तव्यावर कोरडे शेकून घ्यावेत. साधा कापलेला ब्रेड घेतला, तर दोनशे ग्रॅम, म्हणजे सात-आठ काप पुरतात. कडा कापून टाकू नयेत. त्यांतच भाजल्याची चव असते, आणि कोकोशी ती चांगली जुळते. पावाला लोणी फासण्याची मात्र मुळीच आवश्यकता नाही. भांड्याला आतून हात फिरविण्यापुरते लोणी पुरे. आपल्या देशातील शाही तुकडा किंवा हैदराबादेचा डबल का मीठा ह्यांत पाव तुपात तळून घेतात. त्या पदार्थांची खुमारी तळण्यातच आहे, म्हणून त्यांना ही काटकसर लावण्याचा प्रयत्न करू नये.

आता अंडी आणि आच, आणि ह्या पदार्थाचे सारे यश खरोखर ह्याच दोहोंच्या संबंधावर अवलंबून आहे. अंड्यातील प्रथिनांचे गुंडाळलेले धागे उष्णतेने उलगडतात, एकमेकांत गुंततात, आणि त्यांच्या जाळ्यात दूध अडकून राहते. पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस वाफेवर ज्या रीतीने जमतो, त्याच रीतीने हे पुडिंग जमते. चिकात ते कार्य दुधाची स्वतःची प्रथिने करतात, येथे ते अंड्याकडून करवून घ्यावयाचे, इतकाच फरक. एकटे अंडे साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान घट्ट होते, परंतु दुधाने आणि साखरेने विरळ केलेले अंडे ऐंशी अंशांच्या आसपास जमते, आणि पंच्याऐंशीच्या पुढे गेले की हेच जाळे आवळू लागून आतील पाणी बाहेर पिळून टाकते. भांड्याच्या तळाशी पाणी सुटलेले, मध्ये छिद्रे पडलेले आणि दाताखाली चरचरणारे पुडिंग पुष्कळांनी खाल्ले असेल. त्यात साहित्याचा काहीएक दोष नसतो, तो केवळ चार-पाच अंशांच्या अतिरेकाचा परिणाम होय. क्रीम आणि लोणी भरपूर असले, तर हा दोष काहीसा झाकला जातो. हलक्या पुडिंगमध्ये असे पांघरूण नसते, म्हणून ते करणाऱ्याला आचेवर अधिक लक्ष ठेवावे लागते. शिवाय साखरेमुळे अंडे जमण्याचे तपमान वाढते; आपण साखर कमी घालणार, म्हणजे आपले पुडिंग नेहमीच्या वेळेच्या थोडे आधीच तयार होणार, हेही लक्षात असू द्यावे.

चार संपूर्ण अंड्यांच्या जागी दोन संपूर्ण अंडी आणि आणखी दोन अंड्यांचा केवळ पांढरा भाग घ्यावा. स्निग्धांश सारा पिवळ्या बलकात, एका अंड्यामागे सुमारे ५ ग्रॅम असतो, आणि पांढऱ्यात तो जवळजवळ नसतोच. परंतु ह्याच न्यायाने चारही बलक वगळण्याचा मोह टाळावा, कारण नुसत्या पांढऱ्यावर जमलेले पुडिंग चिवट आणि ताठ होते, आणि बलकाने येणारा मार्दवाचा गुण त्यात उरत नाही. बाजूला ठेवलेले दोन बलक फेकावयाचे नाहीत; त्यांची योजना पुढे सॉसच्या प्रकरणात होणार आहे.

प्रत्यक्ष कृती मग थोडक्यात सांगता येते. कोकोपूड आणि ७० ग्रॅम साखर ह्यांचा वर सांगितल्याप्रमाणे लगदा करून त्यात बाकीचे दूध मिसळावे, ते वाफ येईतो तापवावे, उकळू देऊ नये. खाली उतरवून त्यात चॉकलेटचे बारीक तुकडे विरघळवावेत. अंडी फेस न आणता हलकेच फेटावीत आणि त्यांत हे गरम दूध बारीक धारेने, सतत ढवळत ओतावे, म्हणजे अंडे एकदम कढत दुधात सापडून शिजून जात नाही. मीठ, कॉफी आणि व्हॅनिलाचे थोडे थेंब घालून मिश्रण गाळून घ्यावे. पावाचे तुकडे भांड्यात पसरून त्यांवर हे ओतावे, चमच्याच्या पाठीने दाबावे, आणि किमान अर्धा तास स्वस्थ ठेवावे. ह्या अर्ध्या तासाची घाई करू नये. पावाच्या गाभ्यापर्यंत दूध पोहोचले नाही, तर मध्ये कोरडे पांढरे ठिपके राहतात आणि मिश्रणाचा थर निराळा पडतो.

भट्टी असल्यास ती १६० अंशांवर ठेवावी, पुडिंगचे भांडे एका मोठ्या पसरट ताटात ठेवून त्या ताटात भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत कढत पाणी ओतावे, आणि चाळीस-पंचेचाळीस मिनिटे शिजवावे. भोवतीच्या पाण्याचे तपमान उत्कलनबिंदूच्या पुढे जाऊच शकत नसल्याने कडेचा भाग करपत नाही आणि मध्यभागाला सावकाश शिजण्यास अवधी मिळतो. भट्टी नसलेल्या घरी प्रेशर कुकर उत्तम काम देतो, मात्र शिटी काढून ठेवावी, कारण दाबाखाली आतील तपमान १२० अंशांच्या आसपास जाते आणि तेथे अंड्याचा निभाव लागणे शक्य नाही. कुकरात दोन पेले पाणी, खाली जाळी, भांड्यावर घट्ट झाकण, जेणेकरून वाफेचे थेंब पुडिंगवर पडणार नाहीत, आणि मंद ज्योतीवर पंचवीस ते तीस मिनिटे एवढा बंदोबस्त पुरेसा होतो. कडेने पुडिंग जमलेले असावे आणि मधला अर्धा तळहातभर भाग भांडे हलविताच किंचित थरथरावा. तेवढ्यावरच ते बाहेर काढावे. उरलेले शिजणे आतील उष्णता पुरे करते.

ह्या साऱ्याचा हिशेब पुन्हा मांडला, तर दूध साडेसात, अंडी दहा, कोकोपूड चार-पाच, चॉकलेट चौदा आणि पाव सहा, असा एकूण बेचाळीस ग्रॅमांच्या आसपास, माणशी सुमारे सात ग्रॅम स्निग्धांश येतो; माणशी तीनशे कॅलरींची बचत होते. आणि ह्या बचतीतला एक लहानसा अंश सॉसवर खर्च करावा, असे माझे निश्चित मत आहे. पावाच्या आत मुरलेले लोणी जिभेला फारसे जाणवत नाही, परंतु तेच स्निग्धत्व पृष्ठभागावर चमचाभर रसाच्या रूपाने दिले, तर पहिल्या घासातच त्याचा प्रत्यय येतो. पुडिंग साधे ठेवावे आणि त्याची श्रीमंती वरून वाढावी.

बाजूला ठेवलेले दोन बलक ह्यासाठीच आहेत. पाव लिटर डबल टोन्ड दूध, दोन बलक, २५ ग्रॅम साखर आणि सपाट चमचाभर कॉर्नफ्लोअर ह्यांचा कस्टर्ड-सॉस करावा. कॉर्नफ्लोअर नसते, तर हा रस ऐंशी अंशांच्या पुढे नेता आला नसता. पिष्ट असले की प्रथिनांच्या गाठी होत नाहीत, आणि सॉसला निर्धास्तपणे बुडबुडे येऊ देता येतात. उलट, ते येऊ दिलेच पाहिजेत, कारण बलकात पिष्टाचे विघटन करणारे एक विकर असते, आणि उकळीच्या जवळ नेऊन ते निकामी केले नाही, तर संध्याकाळी दाट झालेला सॉस सकाळी पाण्यासारखा पातळ झालेला आढळतो. ज्यांच्या घरी अंडे वर्ज्य आहे, त्यांनी बर्मिंगहॅमचे रसायनविक्रेते अल्फ्रेड बर्ड ह्यांचे आभार मानावेत: पत्नीला अंडी सोसत नसल्यामुळे त्यांनी १८३७ साली कॉर्नफ्लोअरवर आधारलेली कस्टर्ड पावडर तयार केली. ह्या पावडरीने पुडिंगही करता येते. अर्ध्या लिटर दुधाला ३० ग्रॅम पावडर, कोकोपूड आणि साखर घालून ते चुलीवरच उकळून शिजवावे, गरम असताना पावावर ओतावे आणि थंड करावे. येथे घट्टपणा पिष्टाचा असल्यामुळे तो निवल्यावर येतो, वाफेवर ठेवण्याची गरज पडत नाही.

कोकोचा सॉस सर्वांत सोपा. ३० ग्रॅम पूड, ६० ग्रॅम साखर, दीडशे मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर मीठ मंद आचेवर चार-पाच मिनिटे ढवळत उकळावे आणि उतरवताना सुपारीएवढे चॉकलेट टाकावे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन थेंब पडले, तर ते आटून घट्ट गोळा होते, ही तक्रार सर्वश्रुत आहे. पाणी भरपूर असले, तर तो धोका राहत नाही. परंतु चॉकलेटवर चॉकलेट ओतण्यापेक्षा मला फळांचा रस अधिक पसंत आहे, कारण कोकोच्या कडवट गडदपणाला आंबटपणाची साथ मिळाली की दोन्ही चवी स्पष्ट होतात. नागपूरची संत्री आंबिया बहराला ऑक्टोबरपासून आणि मृग बहराला फेब्रुवारीच्या सुमारास बाजारात येतात. त्यांचा पाव लिटर ताजा रस, दोन चमचे साखर आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर एक उकळी येईपर्यंत शिजवावे, आणि आच बंद केल्यावर सालीचा केवळ नारिंगी भाग किसून घालावा. सुगंधी तेल त्या नारिंगी भागात असते. खालचा पांढरा भाग किसला गेला, तर कडवटपणा येतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला शिजविण्याची तसदीच देऊ नये. फोडींवर साखर पसरून अर्धा तास ठेवल्यास साखरच त्यांतील रस बाहेर ओढून घेते, आणि मग त्या कुस्करून गाळल्या की लाल, ताजा आणि स्निग्धांशविरहित सॉस तयार होतो.

पुडिंग उतरविल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, कोमट असताना वाढावे, आणि कस्टर्ड-सॉस गार, फळांचा रस मात्र साध्या तपमानाचा असावा. उरलेले पुडिंग झाकून शीतकपाटात दोन दिवस चांगले राहते. दुसऱ्या दिवशी त्याचे चौकोनी काप पाडून पाच मिनिटे वाफेवर धरावेत, म्हणजे थंडीने पुन्हा ताठर झालेला पाव मऊ पडतो. सॉस मात्र काप ताटलीत ठेवल्यावरच ओतावा. रात्रभर पुडिंगवर राहिलेला रस आत जिरून जातो आणि वरचा पापुद्रा ओलसर, फिका पडतो.